'स्ले' : एकाच दुपारी घरात दोनदा आलेला शब्द

शब्दखुळी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी जिलबी पाडतेय, गोड मानून घ्या.

परवा चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. आईची जुनी पैठणी काढली, नथ घातली, आंबाड्यावर गजरा माळला. भाचीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच शेरा मारला : 'मावशी, यू स्लेड!!' पुढे नखं रंगवणारा तो हात असतो ना, तो. म्हणजे, कमाल केलीस. पाचव्या मिनिटाला आमच्या थोरल्या काकूंचा फोन. वय ८१. "अगं, खाली काय लिहिलंय? कुणाला काय झालं?" त्यांनी नातवाच्या डिक्शनरीत शब्द पाहिला होता. तिथे अर्थ : ठार मारणे, वध करणे.

गंमत म्हणजे त्या वेळी माझ्या टेबलावर दुसराच स्ले पडलेला होता. मी घरी बसून कायद्याच्या कागदांची भाषांतरं करते. एका कुटुंबाची मालमत्ता अमेरिकेत आहे आणि वारस इकडे साताऱ्याकडे. तिथल्या वकिलाने वारसाहक्काचं छापील माहितीपत्रक पाठवलंय. वारसांपैकी दोघींना इंग्रजी येत नाही, म्हणून ते मराठीत करायचं. सातव्या पानावर शब्द आला 'स्लेअर'. म्हणजे ज्याची मालमत्ता, त्यालाच ज्याने मारलं तो माणूस. त्याला वारसा मिळत नाही. (या घरात तसं काही नाही हो, माहितीपत्रकात सगळ्याच शक्यता असतात.)

'खुनी' लिहिलं, खोडलं. 'मारेकरी' लिहिलं, तर सुपारी घेऊन आल्यासारखा वाटला. 'वधकर्ता' लिहिलं आणि डोळ्यांपुढे कंसाच्या छातीवर बसलेला कृष्ण आला.

तर प्रश्न दोन आहेत. या स्लेअरला मराठीत काय म्हणायचं? आणि काकूंना काय सांगायचं? दुसरा जास्त अवघड आहे.

कोल्हापुरी_चप्पल

काकूंना सांगा, 'नाद खुळा'. झालं.

आमच्याकडं स्लेला शब्दांचा तोटा न्हाई ओ. नाद खुळा, विषय हार्ड, जाळ आणि धूर संगटच. ह्यातल्या कशाचाच अर्थ काकूंना डिक्शनरीत घावायचा न्हाई, म्हणजे त्या घाबरायच्या पण न्हाईत.

आडनावात_काय

आधी फोटो टाका. मग ठरवू स्ले की नाद खुळा.

शब्दखुळी

फोटो मिळणार नाही.

डेस्कवरचा

पोटापाण्यासाठी इंग्रजी पेपरच्या डेस्कवर वीस वर्षं काढली, म्हणून बोलतो.

अमेरिकन पेपरांत 'स्लेइंग' हा शब्द उगाच नाही आला. पहिलं कारण अगदी बाळबोध : मथळ्यात जागा नसते. अरुंद कॉलममध्ये 'ॲसॅसिनेटेड' कुठे बसवणार? 'स्लेन' पाच अक्षरांत काम करतो. दुसरं कारण महत्त्वाचं. तिकडच्या वृत्तसंस्थांच्या लेखनसंहितेत स्पष्ट आहे की कोर्टात दोषी ठरेपर्यंत 'मर्डर' लिहायचं नाही. 'मर्डर' हा गुन्हा आहे आणि तो सिद्ध व्हावा लागतो. 'किलिंग' किंवा 'स्लेइंग' ही नुसती घटना. कुणीतरी कुणाला तरी मारलं, एवढंच. म्हणजे ऐकायला हा शब्द परीकथेतल्या राक्षसाचा, पण वापरायचा तो सावधगिरी म्हणून.

आपल्याकडे ही काळजी फारशी घेत नाहीत. प्रेत सापडलं की सकाळच्या आवृत्तीत 'खून'. आणि एक निरीक्षण : साध्या माणसाचा 'खून' होतो, पुढाऱ्याची 'हत्या' होते आणि राक्षसाचा 'वध'. अफझलखानाचा १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी वधच झाला, तो खून झाला म्हणून बघा, काय होतं ते. गांधीजींच्या बाबतीत कोण 'हत्या' म्हणतं आणि कोण 'वध', यावरून तर माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं.

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या वाक्यावर कृपया कुणीही काहीही लिहू नये. धागा शब्दाविषयी आहे.

आडनावात_काय

पॉपकॉर्न परत डब्यात ठेवले.

वकीलीणबाई

शब्दखुळी, तुम्ही 'खुनी' खोडलंत ते बरोबर केलंत. का ते सांगते, कारण तुमच्या स्लेअरमागची गोष्ट फार जुनी आणि चटका लावणारी आहे.

न्यूयॉर्क राज्य, १८८२. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मृत्युपत्रात बहुतेक सगळी मालमत्ता नातवाच्या नावे केलेली. नातू त्याच्याच घरात वाढलेला, वय १६. आजोबांनी त्या सुमारास दुसरं लग्न केलं. आता आजोबा मृत्युपत्र बदलतील या धास्तीने पोराने त्यांना विष घातलं. त्याला शिक्षा झाली. पण मृत्युपत्राचं काय? कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की मारणाऱ्याला मिळू नये. सही खरी, साक्षीदार खरे. आजोबांच्या दोन मुली कोर्टात गेल्या आणि १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टाने निकाल दिला : स्वतःच्या दुष्कृत्यातून कुणालाही फायदा उपटता येणार नाही. 'रिग्ज विरुद्ध पामर'. पीठातल्या दोन न्यायमूर्तींचं मत उलट होतं. त्यांचं म्हणणं, फौजदारी शिक्षा झाली ती झाली, कायद्यात नसलेली आणखी एक शिक्षा आपण का जोडायची? लॉ कॉलेजात आम्ही यावर तासभर भांडलो होतो, आणि खरं सांगायचं तर मी त्या दोघांच्या बाजूने होते. आता नाही.

पुढे राज्याराज्यांत त्याचे कायदे झाले, त्यांना 'स्लेअर' कायदेच म्हणतात. आणि इथेच तुमची अडचण आहे. अनेक राज्यांत त्या माणसाला फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही. वारसा पाहणारं कोर्ट स्वतः पुरावा तोलून ठरवू शकतं. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूसही इथे 'स्लेअर' ठरू शकतो. त्याला मराठीत 'खुनी' म्हटलंत तर तुम्ही कोर्टाच्या पुढे गेलात.

आपल्याकडेही हे आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, मुंबई हायकोर्टातून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (म्हणजे ब्रिटिश काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) गेलेला 'केंचवा विरुद्ध गिरीमल्लाप्पा' खटला आहे. त्यात ठरलं की मारणारा जणू अस्तित्वातच नाही असं धरायचं. त्याला तर नाहीच, त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यालाही नाही.

शब्दखुळी

वकीलीणबाई, _/\_. म्हणजे मुद्दाम गुन्ह्याचा नसलेला शब्द हवा. मग 'हत्या करणारी व्यक्ती'?

खडू_फळा

निवृत्त मास्तर, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. सवय आहे.

'स्ले'चं मूळ जुन्या इंग्रजीत, आणि तिथे त्याचा पहिला अर्थ ठार मारणे नव्हताच. नुसतं 'हाणणे'. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज हा एक शब्द घेऊन काय काय करायचा पाहा : नाणी पाडायचा, हत्यारं घडवायचा, तंबू ठोकायचा, हार्प वाजवायचा. साप चावला तरी हाच शब्द. त्यातच हाणून जीव घेणेही होतं. पुढे 'स्ट्राइक', 'हिट', 'बीट' अशा दांडगोबांनी एकेक काम काढून घेतलं आणि बिचाऱ्याच्या वाट्याला फक्त मारणं उरलं. भावंडं मात्र घरात आहेत. 'स्लॉटर' जवळचा नातेवाईक. लोहाराचा मोठा हातोडा, 'स्लेजहॅमर', त्यातला 'स्लेज' याचाच. लबाड माणसासाठीचा 'स्लाय' हाही, मूळ अर्थ 'ज्याला नेम धरून हाणता येतं तो'.

आता संस्कृतकडे या. 'हन्' धातू. अर्थ हाणणे आणि ठार मारणे, दोन्ही. त्यातून 'हत्या'. त्यातूनच 'घण', म्हणजे अगदी स्लेजहॅमरच! नाण्यांचे अभ्यासक ठसे ठोकून पाडलेल्या प्राचीन नाण्यांना 'आहत नाणी' म्हणतात. आणि गाणाऱ्यांना 'आहत नाद' ठाऊक आहे, आघाताने निर्माण होणारा ध्वनी. नाणं, हातोडा, वाद्य, मरण : चारही खोल्या दोन्ही घरांत. या दोन धातूंचं आपसात नातं नाही बरं का, कुणी लगेच ओढून आणू नका. माणसाच्या हाताने जे जे होतं ते सगळं त्याने एका शब्दात बांधलं, दोन ठिकाणी, आपापलं.

म्युनिकचा_मुंजा

मास्तर, जर्मनांनी तो जुना संसार मोडलाच नाही. 'श्लागेन' अजून सगळी कामं करतो. घड्याळाचे ठोके, अंडी फेटणं, तंबू ठोकणं. फेटलेल्या साईला 'श्लागझाने' म्हणतात, ड्रमच्या संचाला 'श्लागत्सॉइग', आणि गाजलेल्या गोड-गोड गाण्याला 'श्लागर'. म्हणजे 'हिट'. आमच्या ऑफिसच्या सहलीत बसमध्ये तीन तास श्लागर ऐकावे लागले. तिथे मात्र जुना अर्थ लागू होता.

चिन्मयी_एफवायबीए

सगळे मोठे लोक बोलतायत म्हणून घाबरत लिहितेय. स्लेचा खेळकर अर्थ इन्स्टावर जन्मला असं सगळ्यांना वाटतं. माझ्या वर्गातल्यांनाही. तसं नाहीये. तो न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स लोकांच्या 'बॉल'मधून आला, साधारण १९७०-८० च्या काळातला. हार्लेममध्ये रात्रभर या स्पर्धा चालायच्या. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलंय अशी मुलं एकेका 'हाउस'मध्ये राहायची. हाउसला एक 'मदर' असायची. ती जन्म दिलेली आई नसायची, सांभाळणारी असायची. स्पर्धेत कुणी बँकेतल्या साहेबासारखं चालून दाखवायचं, कुणी राणीसारखं. बाहेर त्यांना तसलं काहीच होता येत नव्हतं. तिथे ज्याने समोरच्याला गारद केलं, त्याने स्ले केलं. 'सर्व्ह', 'शेड', 'मदर' हे आज माझ्या वर्गात कुणीही बोलतं ते शब्दही तिथूनच आले. मग २०१६ मध्ये बियॉन्सेच्या एका गाण्यात 'आय स्ले' पुन्हा पुन्हा आलं आणि तो सगळ्या जगाचा झाला.

अजून एक. जुन्या अर्थाचा भूतकाळ 'स्लू' होतो, नव्या अर्थाचा 'स्लेड'. ड्रॅगन असेल तर स्लू, मावशी असेल तर स्लेड.

शब्दखुळी

चिन्मयी, घाबरत कशाला लिहितेस ग! शेवटची ओळ भाषांतराच्या वहीत उतरवून घेतली.

न्यूजर्सीचा_नाना

या वाक्यावरून आठवलं. आमची नात आठ वर्षांची आहे. गेल्या होळीला पुरण माझ्याकडे होतं (बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं). पहिली पोळी तव्यावर फाटली, दुसरी फाटली, तिसरी टम्म फुगली. नात स्टुलावर उभी होती, तूप पडलेला घास तोंडात टाकून म्हणाली, "आजोबा, स्ले!" मी म्हटलं पहिल्या दोघींचा केला ना बाई वध, आता हिचा कशाला.

आणि इकडे नाताळात टीशर्ट येतात, सांताच्या घसरगाडीचं चित्र आणि खाली स्ले-स्लेची कोटी. घसरगाडीचा 'स्ले' उच्चाराने तोच, मुळाने वेगळा, डचांकडून आलेला. पलीकडच्या चर्चमधल्या मुलींच्या अंगावरही तो टीशर्ट. त्याच चर्चमध्ये १६११ चं जुनं बायबल वाचतात. त्यात ईयोब म्हणतो, देवाने मला मारलं तरी मी त्याच्यावरच भरवसा ठेवीन. तिथे हाच 'स्ले'. तिथला एक म्हातारा मला म्हणाला, आमच्या लहानपणीही 'यू स्ले मी' म्हणायचे, कुणी फार हसवलं की. म्हणजे नवंही काही नाही. आपण नाही का, 'हसवून मारलंस' म्हणतो.

मायमराठी_रक्षक

क्षमस्व, पण मला हे कौतुक कळत नाही. ठार मारण्याचा शब्द लेकीबाळींनी एकमेकींच्या फोटोखाली लिहायचा, आणि आपण त्याच्या मुळाशी जाऊन टाळ्या पिटायच्या? मराठीत सुंदर, देखणी, शोभिवंत असे शब्द असताना हिंसेचे शब्द उसने कशाला? आपली भाषा इतकी क्रूर कधीच नव्हती.

मालवणी_खाजा

नव्हती?

माझी आजी कुठल्याही गोष्टीचा निकाल 'मरांदे ता' म्हणून लावायची. म्हणजे जाऊ दे. दूध उतू गेलं, मरांदे. शेजारणीने फणस नेला, मरांदे. रविवारी शिरवाळे करायची. एका हाताने नारळाच्या रसाची वाटी पुढे सरकवायची आणि म्हणायची, 'गीळ आता'. 'जेव' म्हणाली तर समजायचं की रागावली आहे.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे 'मुडदा बशिवला तुया' म्हणतात ना जी. तेही चहा देता देता.

खडू_फळा

रक्षकसाहेब, राग मानू नका, पण 'मारणे' या आपल्या क्रियापदाकडे एकदा बघाच. आपण काय काय मारतो? हाक, शिट्टी, चक्कर, थाप, बुडी, डुलकी, बाजी, शिक्का. गप्पा मारतो. अंगणात झाडू मारतो, भिंतीला रंग मारतो. विंचू नांगी मारतो. आणि लेकरू धावत आलं की आपण त्याला काय करतो? मिठी मारतो! मराठी शिकायला आलेली एक फ्रेंच बाई माझ्या वर्गात होती. 'आईने मुलाला मिठी मारली' हे वाक्य तिने फळ्यावर पाहिलं आणि वहीत लिहायचं थांबली.

आणि यात खरी मौज अशी. इंग्रजांचा स्ले निघाला 'हाणणे' या अर्थाने आणि पोचला ठार मारण्यापर्यंत. आपला 'मारणे' बरोबर उलट चाललेला आहे. त्याचं मूळ 'मृ', मरणे. 'मारणे' म्हणजे शब्दशः मरायला लावणे. तिथून तो फटक्यावर उतरला, म्हणूनच खरंच जीव घेतला हे सांगायला आपल्याला 'ठार मारलं', 'मारून टाकलं' अशी टेकू लावावी लागते. आणि तिथून उतरत उतरत मिठीपर्यंत आला. एक जिना चढत गेला, दुसरा उतरत आला. आता भाचीमुळे स्लेनेही जिना उतरायला घेतलाय, एवढंच. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडली म्हणा.

कोल्हापुरी_चप्पल

मास्तर, विषय हार्ड!

मायमराठी_रक्षक

मिठीचा मुद्दा मान्य. बाकी मत तेच आहे.

डेस्कवरचा

या संस्थळावर कुणीतरी अर्धा मुद्दा मान्य केला, वाचनखूण साठवली.

वकीलीणबाई

मूळ प्रश्न राहिलाच. शब्दखुळी, 'हत्या करणारी व्यक्ती' चालेल, पण त्याहून नेमका शब्द आपल्या कायद्याच्या मराठीत रोज वापरात आहे आणि तुम्ही तो सकाळी पेपरात वाचता : 'सदोष मनुष्यवध'. नव्या न्यायसंहितेतही, १ जुलै २०२४ पासून कलमाचे आकडे बदलले, शब्द तोच. खुनाहून वेगळा, नुसता मनुष्यवध. म्हणजे तुम्हाला 'वधकर्ता'मध्ये कृष्ण दिसला, पण कोर्टात वध शब्द केव्हाच काळा कोट घालून बसलेला आहे.

मात्र नुसतं 'मनुष्यवध' लिहू नका. त्यात अपघातही येईल, स्वसंरक्षणही येईल. माहितीपत्रकातली व्याख्या बघा, 'हेतुपुरस्सर आणि बेकायदा' अशा अर्थाचे शब्द असतील. ते एकदा पूर्ण लिहा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी 'असा मनुष्यवध करणारी व्यक्ती'.

खडू_फळा

वा! आणि 'वध'ही मुळात हाणण्याचाच. वेदांत 'वध' म्हणजे इंद्राचं हत्यारसुद्धा. बसतो गप्प.

शब्दखुळी

आहेत, अगदी तसेच शब्द आहेत सातव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत. मी घाईत 'जाणूनबुजून' करून पुढे गेले होते. 'हेतुपुरस्सर व बेकायदा मनुष्यवध करणारी व्यक्ती' केलं. वाक्य लांबलं, पण सातारच्या दोन्ही बायकांना कळेल आणि कुणावर आळही येणार नाही. फाइल आज गेली.

काकूंकडेही जाऊन आले. त्यांना मास्तरांचं हन् नि घण काही सांगितलं नाही. म्हटलं, "काकू, स्ले म्हणजे मारणं, पण कौतुकाने. न्यूयॉर्कमध्ये काही लोक नटूनथटून रात्री चालायचे, त्यांचा शब्द." काकूंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, पदराच्या मोरांवरून बोट फिरवलं. ही पैठणी आईने घेतली तेव्हा त्या सोबत गेल्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं. मग म्हणाल्या, "एवढंच ना? मग त्यात काय इंग्रजी पाजळायचं. मेली दिसतेच आहे छान."

चिन्मयी_एफवायबीए

काकू स्लेड!!

आडनावात_काय

हो, पण फोटो?